हौसेचे मोल : जालन्याचा हाली रुपया आणि मुशीतून वाचलेला इतिहास

#धागा

१/ ‘हौसेला मोल नसते’ असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या नाण्यांच्या बाबतीत मात्र हौसेला मोल असते, ते ग्रॅमवर आणि रुपयांत मोजता येते, आणि त्या मोलावर कित्येकदा इतिहासाचे एखादे पान टिकणार की नाहीसे होणार हे ठरते. चांदीच्या भावापेक्षा अधिक पैसे देऊन जुना रुपया विकत घेणारा माणूस वेडा की शहाणा, हा आजच्या धाग्याचा प्रश्न. उदाहरण आपल्या जालना जिल्ह्याचे : निजामाचा चारमिनार छापाचा ‘हाली’ रुपया.

२/ प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कोणत्याही जुन्या नाण्याच्या किमतीला तीन थर असतात. पहिला दर्शनी मूल्याचा, म्हणजे नाण्यावर लिहिलेला ‘एक रुपया’. दुसरा धातूचा, म्हणजे त्यातील सोन्या-चांदीचे वजन. तिसरा थर त्यावरचा : कोणी केवळ ते नाणे आवडले म्हणून जे जास्तीचे देतो तो. चलन रद्द झाले की पहिला थर शून्यावर येतो. दुसरा बाजारभावाप्रमाणे वर-खाली होतो. तिसऱ्या थराचा आधार फक्त माणसाचे मन आणि त्याचे ज्ञान. आपल्याला शोध घ्यायचा आहे तो याच तिसऱ्या थराचा.

३/ हा तिसरा थर आधुनिक काळातील चैन आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. रोमन लेखक थोरला प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात नमूद करतो की, खोट्या दिनारांचे नमुने लोक अभ्यासासाठी घेत आणि एका खोट्या नाण्यासाठी अनेक खरी नाणी मोजत. सम्राट ऑगस्टसविषयी स्वेटोनियस सांगतो की, सणाच्या दिवशी तो इष्टमित्रांना जुनी आणि परदेशी नाणी भेट देई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही नाण्याला ‘खर्चायचा पैसा’ याहून वेगळे असे एक आयुष्य होते.

४/ त्याच काळात आपल्या परिसरात काय चालले होते? जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष उजेडात आले. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी नाते सांगते. पैठण, तेर, भोकरदन ही नगरे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांमार्गे रोमन जगाशी जोडलेली होती.

५/ या व्यापाराबरोबर रोमन नाणीही दख्खनेत आली. पुढे जे घडले ते विलक्षण आहे. तेर, कोंडापूर यांसारख्या स्थळी रोमन नाण्यांची हुबेहूब नक्कल केलेली मातीची पदके मिळाली आहेत. वर दोरा ओवण्यासाठी कडी किंवा छिद्र आणि पृष्ठभागावर रोमन सम्राटाचा मुखवटा. मातीच्या पदकाने बाजारात काहीही विकत घेता येत नव्हते. ते गळ्यात घालायचे होते. ज्याला सोन्याचे नाणे परवडले नाही, त्याने त्याच्या रूपाची हौस मातीवर भागवली. दख्खनेत नाणे ‘आवडण्याचा’ हा बहुधा सर्वांत साधा आणि बोलका पुरावा.

६/ मध्ययुगात जालना ही मोठी पेठ होती. मुघल टांकसाळींच्या याद्यांत ‘जालनापूर’ हे नाव आढळते. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या पेठेवर स्वारी केली, ती येथील संपत्तीची कीर्ती होती म्हणूनच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही जिल्ह्यात ऐकू येते. अशा पेठेत नाना मुलखांची नाणी येणार, आणि ती पारखणारी माणसेही तिथे असणार, हे ओघानेच आले.

७/ अठराव्या शतकातील दख्खनचा व्यापारी एकाच थैलीत किती प्रकारचे रुपये बाळगत असेल याची कल्पना करा. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, सुरती. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा, आणि प्रत्येक गावी त्याचा दर निराळा. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना जो फरक द्यावा-घ्यावा लागे त्याला ‘बट्टा’ किंवा ‘वटाव’ म्हणत. हे काम सराफाचे आणि पोतदाराचे. आज आपल्याकडे पोतदार, पारख, सराफ ही आडनावे आहेत. त्यांच्यामागे नाणे वाजवून, कसून, तोलून पाहणारा हा व्यवसाय उभा आहे.

८/ बट्टा आणि हौस यांतला फरक ध्यानात घ्यावा. बट्टा हा दुसऱ्या थराचा हिशेब : धातू किती, कस किती, आणि हे नाणे पुढच्या गावी चालेल का. त्यात आवडीनिवडीला जागा नव्हती. तरीही पारख करणाऱ्याची नजर तीच असते जी आजच्या संग्राहकाची असते. छाप पूर्ण उमटला आहे का, कड कापलेली आहे का, अक्षरे कोणत्या टांकसाळीची आहेत? सराफाने हे प्रश्न पोटासाठी विचारले. संग्राहक तेच प्रश्न आनंदासाठी विचारतो.

९/ धातूच्या हिशेबातून हौसेच्या हिशेबात नाणे कसे येते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पुतळी. व्हेनिसचे सोन्याचे डकॅट हे नाणे सुमारे साडेतीन ग्रॅमचे आणि अत्यंत शुद्ध सोन्याचे. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूस तेजोवलयात उभा ख्रिस्त. आपल्या लोकांनी त्यात आपले देव पाहिले. उभ्या आकृतींवरून तिला ‘पुतळी’ म्हटले आणि पुतळ्यांची माळ हा दागिना झाला. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले, पण आपल्याकडे पुतळीच्या नकला त्यानंतरही घडत राहिल्या. नाण्याचे राज्य बुडाले, तरी हौस उरली.

१०/ आता हाली रुपयाकडे येऊ. मराठवाडा आसफजाही राज्याचा भाग होता. आरंभी निजामाची नाणी मुघल बादशहाच्या नावाने पडत. औरंगाबादची टांकसाळ ‘खुजिस्ता बुनियाद’ या नावाने ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेस्तनजी या पारशी पेढीवाल्यांनी औरंगाबादेत पाडलेले ‘पेस्तनशाही’ रुपयेही चालत. १८५७ च्या उठावानंतर मुघल बादशाही संपली आणि नाण्यावर निजामाचे स्वतःचे बिरुद आले. हाच ‘हाली सिक्का’. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या नव्या रुपयावर चारमिनार अवतरला.

११/ हा रुपया हातात घेतला तर वाचण्यासारखे खूप असते. मध्यभागी चारमिनार. त्याच्या कमानीत राज्यकर्त्याचे आद्याक्षर : मीर महबूब अली खान यांच्यासाठी ‘मीम’, मीर उस्मान अली खान यांच्यासाठी ‘ऐन’. भोवती निजाम-उल-मुल्क आसफजाह हे बिरुद आणि ९२ हा आकडा. अरबी अक्षरांना संख्या देण्याच्या अबजद पद्धतीत ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ होते : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. मागील बाजूस ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे नाव. एका इंचाहून थोड्या मोठ्या चांदीच्या चकतीवर एवढा मजकूर.

१२/ नाण्यावरचे वर्ष हिजरी असते. ते ढोबळमानाने इसवीत आणण्यासाठी त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ १३३७ × ०.९७ = १२९६.९, त्यात ६२२ मिळवले की १९१८.९. म्हणजे हिजरी १३३७ हे १९१८-१९ चे वर्ष. पहिले महायुद्ध संपत होते, आणि त्याच सुमारास, १९१८ मध्ये, हैदराबाद संस्थानाने कागदी चलनाचा कायदा केला. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. निजामाच्या नोटेवर मराठी अक्षरे होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

१३/ १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. मनमाड इंग्रजी मुलखात, जालना निजामाच्या. त्यामुळे जालन्याचा कापूस मुंबईकडे निघाला की दोन चलनांचा संबंध येई. इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला रुपया म्हणजे ‘कलदार’; निजामाचा तो ‘हाली’. दर सर्वसाधारणपणे ठरलेला : ७ हाली म्हणजे ६ कलदार. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा हाली आणि वर काही आणे मोजावे लागत.

१४/ हा सात-सहाचा दर आला कुठून? थोडे गणित करू. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, चांदीचे प्रमाण ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. ९.१४ ला १०.६९ ने भागा : उत्तर ०.८५५. आता ६ ला ७ ने भागा : ०.८५७. दोन उत्तरांत फरक दोन हजारांशांचा. दर धातूच्या प्रमाणाशी इतका नेमका बसतो. बाजाराने हाली रुपयाच्या चारमिनारचे सौंदर्य हिशेबात धरले नव्हते, फक्त त्याची चांदी धरली होती.

१५/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरही हाली रुपया लगेच गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया संस्थानात त्याच्या जोडीने चालू लागला, दर तोच, सात हालीस सहा. पुढे टप्प्याटप्प्याने हाली चलन मागे घेण्यात आले आणि १९५९ मध्ये ते पूर्णपणे रद्द झाले. त्या दिवशी किमतीचा पहिला थर नाहीसा झाला. घराघरांतल्या हंड्यात, गाठोड्यात, देवघरात उरलेला हाली रुपया आता पैसा राहिला नाही. तो केवळ चांदी राहिला.

१६/ आणि चांदी राहिली की तिचे एकच भवितव्य असते : मूस. लेकीच्या लग्नात तोडे, वाळे, ताट-वाटी करायचे तर जुने रुपये मोडीत घालणे हे सर्वांत सोपे. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. दुष्काळी मुलखात चांदी हाच विमा होता. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनासाठी आणि व्यापाऱ्यांच्या वहीपूजनासाठी जपून ठेवलेले राणीछाप आणि चारमिनार रुपये मात्र वाचले. श्रद्धेने त्यांना मोडीपासून वाचवले. बाकीच्यांना वाचवू शकणारी दुसरी शक्ती एकच होती, ती म्हणजे हौस.

१७/ हे कसे घडते ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. हाली रुपयातील ९.१४ ग्रॅम चांदी म्हणजे ९१४ रुपये. संग्राहक त्याच नाण्याचे ९५० देतो. वरचे ३६ रुपये ही हौस. सराफ ते नाणे आटवणार नाही, कारण आटवले तर ३६ रुपये बुडतात. आता चांदी १५० वर गेली असे समजा. धातूचे मोल झाले १,३७१. संग्राहक अजून ९५० वरच अडला असेल, तर सराफाने नाणे जपावे तरी का? चांदीचा भाव वाढतो तेव्हा सर्वांत आधी सामान्य, घासलेली, ‘यात काय विशेष’ अशी नाणी वितळतात.

१८/ म्हणून माझे प्रतिपादन असे की, तो वरचा पैसा म्हणजे नाण्याची सुटकेची किंमत आहे. मुशीचा भाव आणि संग्राहकाचा भाव यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात इतिहास श्वास घेतो. ती जागा निर्माण करणारा माणूस संग्रहालयाचा अधिकारी नसतो. तो बहुधा शिक्षक, दुकानदार, कारकून, विद्यार्थी असतो. त्याला चारमिनारच्या कमानीतील ‘ऐन’ आवडतो, एवढेच त्याचे कारण. पण त्या आवडीने एक पुरावा वाचतो.

१९/ मूस नाण्याला कशी दुर्मीळ करते, याचे प्रसिद्ध उदाहरण १९११ च्या इंग्रजी रुपयाचे. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीचे चित्र कोरले होते. ते इतके बेढब उतरले की लोकांना डुक्कर वाटले. मुस्लिम समाजात नाराजी पसरली, रुपया ‘डुक्कर रुपया’ म्हणून बदनाम झाला, आणि सरकारने तो आवरता घेऊन १९१२ पासून सुधारलेल्या छापाचा काढला. १९११ चे पुष्कळ रुपये आटवले गेले. आज त्या वर्षाच्या रुपयासाठी संग्राहक १९१२ च्या रुपयापेक्षा बरेच अधिक मोजतो. दोन्ही नाण्यांत चांदी तितकीच आहे. अधिकचे पैसे त्या फसलेल्या हत्तीचे.

२०/ दुसरे उदाहरण १९३९ चे. १९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. त्यामुळे १९३९ हे जुन्या कसाच्या रुपयाचे अखेरचे वर्ष ठरले, आणि त्या वर्षाचा रुपया आज अत्यंत दुर्मीळ आहे. उलट सातवाहनांची अनेक नाणी अठराशे वर्षांची असूनही फार महाग नसतात, कारण ती मोठ्या संख्येने सापडली आहेत. यावरून नवशिक्याने पहिला धडा घ्यावा : जुने म्हणजे महाग असे नाही. संख्या, स्थिती, टांकसाळ, वर्ष आणि छापातील बारीक भेद यांवर वरचा थर ठरतो. उस्मान अली खान यांच्या आरंभीच्या रुपयांवरही कमानीतील ‘ऐन’ कुठे अर्धवट, कुठे पूर्ण असतो. जाणकार त्यासाठी निराळा भाव मोजतात.

२१/ आता या प्रतिपादनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. वरचा पैसा जसा नाणे वाचवतो, तसाच तो नाणे उकरणाऱ्यालाही मोह घालतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सर्व नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, याचा हा नाण्यांवरचा ठसठशीत पुरावा.

२२/ विचार करा, हाच साठा रातोरात शंभर हातांत विखुरला असता तर? एक नाणे दोन राजांचे छाप दाखवते. तेरा हजार नाणी एकत्र असली तर ती सांगतात की हा छाप अपवादाने मारलेला नाही, ते विजेत्या सत्तेचे धोरण होते. किती नाण्यांवर छाप आहे आणि किती नाण्यांवर नाही, हे प्रमाण केवळ साठा अखंड असेल तरच कळते. एकेक नाणे ‘वाचले’ आणि साठा फुटला, तर वाचले काय आणि हरवले काय? म्हणून घरातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाठोड्यातून आलेले नाणे आणि शेतात नांगराला लागलेले नाणे यांत संग्राहकाने कठोर भेद केला पाहिजे.

२३/ कायदाही हा भेद करतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते. ते बाळगणे गुन्हा नाही, पण अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वर आपण ज्याचे गणित केले तो हिजरी १३३७ चा रुपया आता या वयात आलेला आहे. आजोबांचा रुपया कायद्याने पुरावस्तू झाला, ही जाणीव ठेवावी.

२४/ दुसरा धोका फसवणुकीचा. १९३८ च्या रुपयातील ८ कोरून ९ करणारे कारागीर आहेत. साच्यातून ओतलेल्या खोट्या शिवराया आणि खोटे होन सर्वत्र आहेत. शिवाय ‘अमुक देवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे लाखोंना विका’ असे संदेश आपल्या सर्वांच्या फोनवर येतात. २०१२ ची वैष्णोदेवीची नाणी मोठ्या प्रमाणात काढलेली सामान्य चलनातली नाणी आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि अशा व्यवहारांसाठी ती कोणतेही शुल्क अथवा दलाली मागत नाही. नाणे विकण्यासाठी आधी ‘नोंदणी फी’ मागणारा माणूस ठग समजावा.

२५/ या दोन्ही धोक्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : नाण्याकडे नफा म्हणून पाहणे. उकरणाराही नफ्यासाठी उकरतो, फसणाराही नफ्याच्या आशेने फसतो. आनंदासाठी नाणे घेणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. नाटकाचे तिकीट काढताना ते उद्या दुप्पट भावाने विकले जाईल का, असे आपण विचारत नाही. त्याचप्रमाणे धातूच्या वर दिलेले ३६ किंवा ३६० रुपये खर्ची पडले असे समजूनच द्यावेत. ते परत आले तर उत्तम; न आले तरी नाण्याने दिलेला आनंद आणि ज्ञान कुठे जात नाही. असा ग्राहक घाई करत नाही, आणि घाई न करणारा सहसा फसत नाही.

२६/ अट एकच : हौसेला अभ्यासाची जोड हवी. आपल्या वयाच्या, मोजका पैसा असलेल्या मुलामुलींनी हे करून पाहावे. संग्रहासाठी एकच लहान विषय निवडा, उदाहरणार्थ केवळ हाली चलन किंवा केवळ शिवराई. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, वर्ष, टांकसाळ आणि ते कोठून आले हे वहीत नोंदवा. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. वर चढलेला काळसर थर हा त्याच्या वयाचा दाखला आहे आणि तो गेला की मोलही जाते. शक्य असेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेला भेट द्या. १९८० मध्ये स्थापन झालेली ही संस्था खास नाण्यांच्या अभ्यासासाठी वाहिलेली आहे.

२७/ आणि ज्यांच्याकडे नाणे विकत घेण्यापुरतेही पैसे नाहीत, त्यांच्यासाठी एक काम याहून मोलाचे आहे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबादकडच्या अनेक घरांत अजूनही एक-दोन हाली रुपये पूजेच्या डब्यात असतील. सात हालीस सहा कलदार हा हिशेब लहानपणी तोंडी केलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना विचारा : हाली रुपया शेवटी कधी चालवला? बदलून घेताना काय मिळाले? किती मोडीत गेले, आणि हा एक का ठेवला? उत्तर लिहून ठेवा, नाण्याचे छायाचित्र त्याला जोडा. चांदी आटली तरी पुन्हा गोठते. ही आठवण एकदा गेली की कोणत्याही भावाने परत मिळत नाही.

२८/ तेव्हा चांदीच्या भावावर चार पैसे जास्त देऊन चारमिनारचा रुपया घेणाऱ्याला कोणी हसले, तर त्याला सात-सहाचे गणित समजावून सांगा. सराफाच्या तराजूला त्या रुपयातील ९.१४ ग्रॅम चांदी दिसते. कमानीतले आद्याक्षर, बिरुदाजवळचे ९२, फरखुंदा बुनियाद, मनमाडला जाणारी कापसाची गाडी आणि १९५९ साली कुणीतरी मोडीत न घातलेली एक आठवण, हे सारे त्या वरच्या चार पैशांत येते. तुमच्या घरी असा रुपया असेल, तर त्यावरचे हिजरी वर्ष वाचून खाली कळवा. इसवी सन आपण मिळून काढू.

(धागा समाप्त)